सरोवर ओलांडून आलेली घरे

१९३५ साली मिशिगन सरोवरातून चार घरे गेली. घरांचे सामान नव्हे, आख्खी घरे. शिकागोच्या किनाऱ्यावर ती बार्जवर चढवली आणि इंडियाना राज्यातल्या बेव्हर्ली शोअर्स नावाच्या वाळूच्या टेकड्यांच्या गावी उतरवली. त्यांतल्या एका घराला बारा बाजू होत्या आणि त्याच्या तळमजल्यावर विमान ठेवायची सोय होती. एक घर गुलाबी होते. पाचवे घर ओंडक्यांचे. ते सुटे करून ट्रकांवरून आणले आणि पुन्हा जोडले. कुणाला तिथे राहायला जायची घाई होती म्हणून हा खटाटोप झाला नाही. आजूबाजूचे रिकामे प्लॉट खपावेत, एवढ्यासाठी ही घरे तिथे मांडायची होती.

घर विकायला काढले की आधी रंगाचा हात द्यायचा, अडगळ हलवायची, ही रीत तशी जुनी. अमेरिकेत तिला ‘स्टेजिंग’ हे नाटकाकडून घेतलेले नाव मिळाले. तिचा स्वतंत्र व्यवसाय उभा करण्याचे श्रेय सिअॅटल परिसरातल्या बार्ब श्वार्ट्झ या इस्टेट एजंट बाईंना दिले जाते, आणि त्याची सुरुवात १९७२ची सांगतात. आपल्याकडे बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये फिरून आलेल्यांना या कलेची ओळख करून द्यायला नको. पलंग जरा आखूड, भिंतभर आरसे, खोल्यांना दारेच नाहीत. घरी येऊन स्वतःचा पलंग मापला की मग हिशेब कळतो. पण रॉबर्ट बार्टलेट या जमीन विकणाऱ्या माणसाने १९३५ साली जे केले, त्यापुढे आरसे आणि आखूड पलंग म्हणजे बाळबोध प्रकार. त्याच्याकडे सजवायला घरच नव्हते. होती ती वाळू, समोर सरोवर, आणि शिकागोहून येणारी विजेवरची रेल्वे.

घरे मिळाली ती जत्रेतून. शिकागोत २७ मे १९३३ रोजी ‘प्रगतीचे शतक’ या नावाचे जागतिक प्रदर्शन सुरू झाले. त्याच शहरात १८९३ साली आधीचे प्रदर्शन भरले होते. त्याच्याच निमित्ताने सर्वधर्मपरिषद झाली आणि विवेकानंद बोलले, म्हणून ते वर्ष आपल्याला पाठ असते. नव्या प्रदर्शनाचे दिवे लावायला आयोजकांनी स्वाती तारा निवडला. दुर्बिणींनी त्याचा प्रकाश टिपला, प्रकाशविद्युत घटांनी त्याचा इशारा केला आणि मैदान उजळले. हा प्रकाश ४० वर्षांपूर्वी, म्हणजे नेमका जुन्या प्रदर्शनाच्या वेळी ताऱ्यावरून निघाला, असा तेव्हाचा हिशेब होता. आजच्या मोजणीने स्वाती सुमारे ३७ प्रकाशवर्षांवर आहे. तीन वर्षांचा फरक पडला, पण देखावा जमला.

देश मंदीत होता, घरबांधणी जवळजवळ थांबली होती. अशा वेळी या प्रदर्शनात नव्या घरांचा एक विभागच होता. त्यातले सर्वांत गाजलेले घर जॉर्ज फ्रेड केक या वास्तुविशारदाचे. त्याचे नाव ‘उद्याचे घर’. प्रवेशाचे वेगळे १० सेंट मोजून १२ लाखांहून जास्त लोकांनी ते पाहिले. मधोमध जिना आणि सगळ्या नळ-तारा. भार पोलादी सांगाड्यावर. त्यामुळे बाहेरच्या भिंतींना उचलायचे काही उरले नाही आणि वरच्या मजल्यांच्या भिंती काचेच्या झाल्या. आत भांडी धुणारे यंत्र होते, बर्फाची लादी न लागणारा फ्रिज होता. तळमजल्यावर मोटारीशेजारी छोटे विमान. उद्याचा गृहस्थ कामावर उडतच जाणार, अशी तेव्हा खात्री असावी.

एक गोष्ट मात्र बिघडली. काचा उघडत नव्हत्या आणि उन्हाळा शिकागोचा होता. घर इतके तापले की वातानुकूलन यंत्रणेने हात टेकले. गंमत अशी की याच चुकीतून केकला त्याची पुढची वाट सापडली. घराचे काम हिवाळ्यात चालले असताना, अजून भट्टी बसवलेली नव्हती तरी आतले कामगार नुसत्या सदऱ्यावर वावरत होते, हे त्याने पाहिले होते. काचेतून आलेले ऊन घर उबदार ठेवते, मग ते हिवाळ्यात आत घ्यावे आणि उन्हाळ्यात बाहेर थोपवावे, या विचारावर तो पुढे काम करत राहिला. अमेरिकेतल्या सौरघरांच्या इतिहासात त्याचे नाव सुरुवातीलाच येते ते त्यामुळे.

बाकीच्या चार घरांकडे पाहिले की एक मौज लक्षात येते. प्रत्येक घर दुसरेच काही विकत होते. गुलाबी घर फ्लोरिडाची जाहिरात होते: सपाट गच्ची, मोठे सज्जे, उत्तरेच्या थंडीला कंटाळलेल्यांना घातलेली साद. ओंडक्यांचे घर सायप्रस लाकूड विकणाऱ्यांचे. त्या झाडाची जमिनीतून वर आलेली मुळे कोरून त्यांनी दाराशी आणि कुंपणावर प्राण्यांची तोंडे बसवली होती. तिसरे घर ‘रोस्टोन’चे. हा शेल खडक, चुनखडी वगैरेंपासून केलेला कृत्रिम दगड. त्याला कधी डागडुजी लागणार नाही असे सांगितले गेले, आणि १९५०पर्यंत तो इतका झिजला की बाहेरून दुसऱ्याच बनावटी दगडाचे आवरण चढवावे लागले. चौथे आर्मको-फेरो घर पोलादाच्या पन्हळी पत्र्यांचे, बोल्टांनी जोडलेले, आणि बाहेरून एनॅमलच्या थाळीवर असतो तसा मुलामा. सांगाडा नाहीच. कारखान्यात भराभर करता येईल आणि साध्या कुटुंबाला परवडेल असे घर हवे, ही आयोजकांची अट होती. आज उरलेल्या पाचांत ती पुरी करणारे हे एकटेच. महायुद्धानंतर ‘लस्ट्रॉन’ नावाची पोलादी घरे सुमारे अडीच हजार बांधली गेली, त्यांचा हा पूर्वज.

प्रदर्शन १९३४च्या ऑक्टोबरअखेर संपले. अशा जत्रांतली बांधकामे एरवी पाडली जातात. केकचेच दुसरे घर, ‘स्फटिकगृह’, भंगारात गेले. बार्टलेटने मात्र ही पाच घरे आणि इतरही काही इमारती उचलल्या. फ्लोरिडाच्या नावाने बांधलेले घर आता इंडियानाच्या वाळूची जाहिरात करू लागले. ‘उद्याच्या घरा’च्या न उघडणाऱ्या काचा काढून त्याने उघडता येतील अशा खिडक्या बसवल्या. बघायला येणाऱ्याला ते घर शोभेचे नव्हे, राहण्यासारखे वाटायला हवे होते. माझ्या मते त्याची खरी चतुराई बार्जमध्ये नव्हती, या खिडक्यांत होती.

तरीही त्या प्लॉटांवर बार्टलेटने योजलेले शहर काही उभे राहिले नाही. मंदी हटत नव्हती. बेव्हर्ली शोअर्सची वस्ती आजही सहाशेच्या आसपास आहे. घरे पुढे खासगी मालकांकडे गेली. १९६६ साली हा किनारा राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाला, २०१९पासून तो ‘इंडियाना ड्यून्स नॅशनल पार्क’ म्हणून ओळखला जातो, आणि घरे सरकारजमा झाली. काही काळ ती ओस पडली. सरोवराचा वारा आणि उडती वाळू यांनी त्यांना पोखरले.

मग ‘इंडियाना लँडमार्क्स’ या वारसा जपणाऱ्या संस्थेने उद्यानाकडून घरे भाडेपट्ट्याने घेतली आणि एक अजब सौदा मांडला. घर दीर्घ मुदतीने राहायला मिळेल, मालकी मिळणार नाही, आणि दुरुस्तीचा सगळा खर्च राहणाऱ्याचा. शिवाय मनासारखे बदल करायचे नाहीत, घराचे मूळचे रूप परत आणायचे. असे गिऱ्हाईक मिळेल यावर बार्टलेटचाही विश्वास बसला नसता, पण मिळाले. चार घरे अशी सावरली गेली. काचेच्या भिंतींचे ‘उद्याचे घर’ सगळ्यांत अवघड, ते मागे राहिले. २०१६ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने त्याला ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हटले.

फ्लोरिडाचे घर सरोवराच्या अगदी तोंडावर आहे आणि हिवाळ्यातली वादळे थेट त्याच्या भिंतींवर येतात. त्याला रंग पुन्हा पहिलाच दिलेला आहे, भडक गुलाबी. वर्षातून एकदा, शरदात, ही घरे लोकांना बघायला उघडतात. तिकिटे काही तासांतच संपतात.