एफच्या जागी बी

"बाबा, परत गेला."

मुलगी एवढंच म्हणायची आणि हेडफोन काढून ठेवायची. ना सूचना, ना आवाज. गाडी वळणावर असताना गेम नाहीसा व्हायचा आणि समोर डेस्कटॉप यायचा. कधी दहाव्या मिनिटाला, कधी दोन तासांनी. आठवड्यातून एखाद्या वेळी निळा स्क्रीन येऊन अख्खं मशीन रिस्टार्ट व्हायचं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं डोंबिवलीहून लोकलने ग्रँट रोडला उतरलो होतो आणि लॅमिंग्टन रोडवर दिवसभर फिरून एकेक पार्ट निवडला होता. त्यात तिच्या शिकवण्यांचे पैसे होते. जोडणीही आम्हीच केली होती.

घरी आलेल्या टेक्निशियनने दहा मिनिटांत निदान केलं, "विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारू." मारलं. तिसऱ्या दिवशी गेम पुन्हा गेला. फोन केला तर म्हणाला, "बाकी सगळं चालतंय ना? मग गेमचाच प्रॉब्लेम आहे. नका खेळू."

हे उत्तर मला लागलं. मी बँकेत आयुष्य काढलं. आमच्याकडे रुपयाचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे. कारण फरक रुपयाचा असला, तरी चूक किती मोठी आहे ते सापडल्यावरच कळतं. मी एक दोनशे पानी वही काढली आणि रकाने आखले: तारीख, वेळ, कोणता गेम, काय झालं, तापमान, आज काय बदललं. शेवटच्या रकान्यात एका दिवशी एकच गोष्ट लिहायची, हा नियम मुलीने घातला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गेम नीट चालला, तर कशामुळे चालला हे कधीच कळत नाही.

आठवडाभरात वही बोलायला लागली. मशीन दिवा गेल्यासारखं एकदम बंद पडलं, असं एकदाही झालं नव्हतं. तसं होत असेल तर संशय आधी एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर जातो. आमच्याकडे गेम एकटाच पडायचा, नाहीतर निळा स्क्रीन यायचा. ग्राफिक्स कार्ड ७४ अंशांच्या वर जात नव्हतं, प्रोसेसर ७८ च्या. म्हणजे उष्णताही नाही.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाचं एक दप्तर असतं. मशीनमध्ये जे जे घडतं त्याची तिथे नोंद होते, पण ते उघडून बघायचे कष्ट फार थोडे लोक घेतात. तिथे लाल खुणेची ४१ नंबरची नोंद दिसली की लोक घाबरून एसएमपीएस बदलतात. वास्तविक ती नोंद एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद न होता बंद झालं. का झालं, ते ती सांगत नाही. आमच्या कामाची होती १००० नंबरची नोंद, म्हणजे प्रोग्रॅम कोसळल्याची. अशा अकरा नोंदी वहीत उतरवल्या. त्यातल्या नऊ ठिकाणी कोड एकच होता: सी००००००५. आपला नसलेल्या पत्त्यावर प्रोग्रॅम गेला, असा त्याचा अर्थ. पण कोसळताना कोणती फाइल चालू होती, ते नाव दर वेळी वेगळं. कधी गेमची, कधी ग्राफिक्स ड्रायव्हरची, कधी विंडोजचीच.

इथे मला दिशा सापडली. एकच माणूस रोज एकाच जागी अडखळला तर त्याची चप्पल बघावी. रोज वेगळा माणूस अडखळत असेल तर जमीन बघावी. आम्ही तरी गेमच्या फाइल्स तपासून घेतल्या, ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन मुळापासून काढला आणि नव्याने टाकला. चार दिवस गेले. फरक शून्य.

मग मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेतलं. ते विंडोजशिवाय, पेनड्राइव्हवरूनच सुरू होतं. मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक आकडे लिहितं, परत वाचतं आणि जुळतात का बघतं. फुकट आवृत्ती अशा चार फेऱ्या करते. रात्री अकराला लावलं. पहिली फेरी स्वच्छ गेली. दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो, तर पडद्यावर लाल ओळी.

मुलीला उठवलं. दोघं खुर्च्या ओढून बसलो. ओळीत लिहिलं होतं की या पत्त्यावर आठ 'एफ' असायला हवेत. प्रत्यक्षात सात 'एफ' होते आणि शेवटी एक 'बी'. एफ म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेत ११११ आणि बी म्हणजे १०११. एक एकचा शून्य झाला होता. खालच्या ओळीतही तेच, त्याच्या खालीही तेच.

या मेमरीतला, म्हणजे रॅममधला, प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक अतिसूक्ष्म थेंब. आयबीएममध्ये रॉबर्ट डेनार्ड यांना ही रचना १९६६ साली सुचली. तो थेंब सतत गळत असतो, म्हणून प्रत्येक कप्पा साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. आमच्या १६ जीबीत असे १३,७०० कोटींहून जास्त कप्पे. त्यांतले काही तो थेंब वेळेवर पकडत नव्हते. तो बिट फोटोतल्या रंगाचा असेल तर एक ठिपका बदलतो, कोणाला दिसतही नाही. पण तो पत्त्यातला असेल तर प्रोग्रॅम भलत्याच घरात शिरतो आणि विंडोज त्याला बाहेर काढतं. ब्राउझर आणि ईमेल चार-पाच जीबीत भागवतात, गेम बारा-तेरा जीबी अडवतो. खराब कप्प्यावर पाय पडण्याची वेळ म्हणून त्याच्यावर जास्त येते. गेममध्ये दोष नव्हता. मशीनमधला दोष त्याने सगळ्यांत आधी सांगितला.

आता रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एखादी खराब की ती बसते तो स्लॉट? पुढच्या रात्री त्यासाठी गेल्या. प्लग काढायचा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवायची, क्लिप दाबून पट्टी उचलायची. खालच्या कडेला दोन्ही बाजू मिळून २८८ सोनेरी दात असतात. ते खोडरबराने हलक्या हाताने पुसले. आपल्याकडे हा उपाय सगळेच करतात आणि मुंबईच्या दमट हवेत तो कधी कधी लागूही पडतो. आमच्याकडे नाही पडला. पहिली पट्टी एकटी दोन्ही स्लॉटमध्ये रात्रभर स्वच्छ. दुसरी दोन्हीकडे लाल. पाचव्या रात्री बायॉसमध्ये एक्सएमपी, म्हणजे पेटीवरचा जास्त वेग लावणारी सेटिंग, बंद करून दुसरी पट्टी २१३३ च्या मूळ वेगावर चालवली, तेव्हा एकही चूक नाही. म्हणजे पेटीवर छापलेला ३२०० चा वेग तिला पेलत नव्हता.

दुकानदाराचं म्हणणं, "विंडोज चालू होतंय ना? मग रॅम ओके आहे. २१३३ वर वापरा." मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, पैसे आम्ही ३२०० चे दिलेत." तिने वही, पाच रात्रींचे फोटो आणि पेटी काउंटरवर ठेवली. जोडी कंपनीकडे गेली आणि अठरा दिवसांनी बदलून आली.

त्या अठरा दिवसांत मला दुसरी गोष्ट आठवत राहिली. जानेवारीत तिच्या प्रोजेक्टची एक झिप फाइल उघडेना, तेव्हा आम्ही पेनड्राइव्हला दोष दिला होता. पट्ट्या परत आल्यावर सगळे फोल्डर उघडून बघितले. आईच्या पंचाहत्तरीच्या फोटोंपैकी दोन अर्ध्यापर्यंतच नीट होते, खाली नुसती करडी पट्टी. ते त्या रॅममुळेच झालं, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण कॉपी याच मशीनवर झाले होते. एकाची मूळ प्रत भावाच्या फोनमध्ये मिळाली. दुसऱ्याची कुणाकडेच नाही.

२००९ साली गूगलच्या सर्व्हरमधल्या मेमरीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत किमान एक तरी चूक आढळली होती. सर्व्हरमध्ये चूक ओळखून सुधारणारी ईसीसी मेमरी असते. घरच्या कॉम्प्युटरमध्ये ती बहुधा नसते, तिथे चूक निमूट हार्ड डिस्कवर जाऊन बसते.

नव्या पट्ट्यांवर चारही फेऱ्या कोऱ्या गेल्या. वहीत त्यानंतर दोन महिन्यांत एकही नोंद नाही. नवा कॉम्प्युटर घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो: घरचे फोटो आणि कागदपत्रं त्यावर चढवण्याआधी पहिली रात्र मेमरीच्या तपासणीला द्या, आणि रॅमची पेटी व बिल फेकू नका.