दोराच्या भरवशावर चढणारी गाडी

लोधीखेड्याच्या माणसाला घाट चढणारी गाडी नवी नाही. नागपूरहून सावनेर, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करत छिंदवाड्याला जाणारी अडीच फुटी रुळांची नॅरोगेज गाडी 2015 साली बंद पडेपर्यंत आमच्या घरादाराची होती. सातपुडा चढताना ती सरळ कधीच गेली नाही. भिमालगोंदीच्या घाटात वळसे घेत, दम खात वर सरकायची. चाक आणि रूळ यांच्यातल्या पकडीवर चालणाऱ्या गाडीला तेवढंच जमतं. चढ फार वाढला की चाक जागच्या जागी फिरू लागतं. आता तिथून ब्रॉडगेज धावते, तीही बोगदे आणि पुलांच्या आधारानं चढ सौम्य करूनच.

म्हणून सप्तशृंगगडावरची फ्युनिक्युलर पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ खालीच उभा राहिलो. तिचे रूळ कुठेही न वळता, शिडी टेकवावी तसे डोंगराच्या अंगावर सरळ वर गेलेले होते.

हा गड वणीचा, पण आमच्याकडे नुसतं वणी म्हटलं की यवतमाळची. म्हणून देवीला निघालेला माणूस ‘नाशिकची वणी’ असं फोड करून सांगतो. नांदुरीहून घाट चढून गडावरच्या गावात पोचलं की पुढे पायऱ्या लागतात. सरसेनापती दाभाड्यांच्या घराण्यातल्या उमाबाईंनी अठराव्या शतकात त्या बांधवल्या. पाचशेच्या आसपास पायऱ्या म्हणजे तरुण माणसाला काही नाही. गुडघे गेलेल्या बाईला तेवढ्यात सगळं अंतर येतं. आधीच्या खेपेला माझी माय तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच बसली होती. “तू जा बापू, माझा नमस्कार सांगजो,” म्हणाली, आणि मी वरून येईपर्यंत कळसाकडे बघत राहिली. 2018 साली ही ट्रॉली सुरू झाली. महाराष्ट्रातली ती पहिली फ्युनिक्युलर. देशातली पहिली असंही तिच्याबद्दल बोललं जातं, पण तमिळनाडूत पळणीच्या मुरुगन टेकडीवर दोरानं ओढली जाणारी गाडी 1966 पासून भाविकांना वर नेते आहे. तिथे तिला ‘विंच’ म्हणतात. पळणीचा मान पळणीला द्यायला हवा.

फ्युनिक्युलर हा शब्द लॅटिनमधल्या ‘बारीक दोरी’ या अर्थाच्या शब्दावरून आला. आपल्याकडे बरेच जण तिला रोपवे म्हणतात. रोपवेचा पाळणा मात्र हवेत लोंबतो, जसा रायगडावर. फ्युनिक्युलरची चाकं रुळावर असतात, ओढण्याचं काम दोर करतो. उटीच्या निलगिरी रेल्वेची तऱ्हा आणखी वेगळी: कल्लार ते कुन्नूर या चढात रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकत वर जातं. माथेरानच्या गाडीला दोर नाही की दाते नाहीत. ती आमच्या जुन्या नॅरोगेजसारखी वळणांवर जगते.

फ्युनिक्युलरची खरी युक्ती समजायला विहिरीवरची गिरकी आठवावी. एकाच दोराच्या दोन टोकांना दोन बादल्या. एक वर येताना दुसरी खाली जाते. इथे बादल्यांच्या जागी दोन डबे आणि गिरकीच्या जागी माथ्यावरचं मोठं चाक. दोन्ही डब्यांचं वजन एकमेकांना तोलून धरतं, त्यामुळे मोटारला सगळा डबा उचलावा लागत नाही. दोन्हीकडच्या वजनातला फरक आणि घर्षण एवढंच तिनं सोसायचं. दर्शन करून उतरणारी माणसं चढणाऱ्यांना वर ओढतात, हे मला या यंत्राचं सगळ्यात मोठं देखणेपण वाटतं. पूर्वी काही ठिकाणी तर मोटारही नसे. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली निघाला की खालचा वर येई. जर्मनीत वीसबाडेनला 1888 ची गाडी अजून तशीच पाण्यावर चालते.

अडचण एकच होती. दोन डब्यांना दोन स्वतंत्र मार्ग टाकायचे तर डोंगर दुप्पट खोदावा लागे. एकच मार्ग ठेवून मधोमध तो दुभंगावा, तर सांधा बदलायला तिथे माणूस हवा. स्विस अभियंता रोमान आप्ट यानं यावर तोड काढली आणि 1879 साली गीसबाखच्या गाडीत एकेरी मार्गाच्या मध्यावर दोन डबे एकमेकांना ओलांडू लागले. पुढे रूढ झालेल्या त्याच्या रचनेत प्रत्येक डब्याच्या एका बाजूच्या चाकांना दोन्हीकडून कडा असतात आणि दुसऱ्या बाजूची चाकं रुंद, बिनकडेची. कडांची चाकं बाहेरचा रूळ सोडत नाहीत. सपाट चाकं मधल्या फटीवरून आणि दोरावरून अलगद निघून जातात. एक डबा कायम डावीकडून, दुसरा कायम उजवीकडून. हलणारा एकही भाग नाही. निलगिरीची दातेरी पट्टीही याच आप्टच्या पद्धतीची आहे.

दोरानं डोंगरावर ओझी चढवणं त्याहून कितीतरी जुनं. ऑस्ट्रियात साल्झबुर्गच्या किल्ल्यावर सामान नेणारी अशी गाडी सोळाव्या शतकाच्या आरंभापासूनची आहे; तेव्हा रूळ लाकडी होते आणि दोर तागाचा. शहरातल्या प्रवाशांसाठी 1862 साली फ्रान्समधल्या लियोंला गाडी सुरू झाली, 1870 साली बुडापेस्टला. आज स्वित्झर्लंडमधल्या श्टोसची 2017 ची गाडी 110 टक्के, म्हणजे पंचेचाळीस अंशांहूनही उभा चढ चढते.

या सगळ्या डौलाचा भार एका पोलादी दोरावर असतो. म्हणून लिस्बनची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथली ग्लोरिया ही 1885 ची गाडी. 3 सप्टेंबर 2025 रोजी तिच्या दोन डब्यांना जोडणारा दोर वरच्या डब्याशी जिथे बांधलेला होता तिथे सुटला, डबा उतारावरून धावत सुटून इमारतीवर आदळला आणि 16 माणसं गेली. चालकानं ब्रेक लावले होते, पण दोराचा तोल गेल्यावर त्या ब्रेकांत डबा थांबवण्याची ताकद उरली नव्हती. त्याच सकाळी गाडीची पाहणीही झाली होती. दोर सुटला ती जागा मात्र डबा खोलल्याशिवाय दिसणारी नव्हती.

चांगल्या फ्युनिक्युलरमध्ये माथ्यावरच्या चाकाला ब्रेक असतात, वेग वाढला की आपोआप लागणारे ब्रेक असतात आणि डब्याच्या पोटाशी चिमट्यासारखे जबडे असतात, जे दोर सैल पडताच रुळालाच पकडतात. त्याशिवाय दोराचं आयुष्य ठरलेलं असतं, त्याची टोकं उघडून बघावी लागतात, तुटलेल्या तारा मोजाव्या लागतात. गडागडांवर अशा गाड्यांची मागणी होते तेव्हा चर्चा उद्घाटनाच्या तारखेची होते. मला वाटतं, दोर किती वर्षांनी बदलणार आणि त्याचे पैसे कुठून येणार, हे त्याच बैठकीत विचारलं पाहिजे. चैत्रातल्या नि नवरात्रातल्या गर्दीत तो दोर सगळ्यात जास्त राबतो.

नंतरच्या खेपेला मायला ट्रॉलीत बसवलं. तिनं दांडी घट्ट धरली होती. रुळांच्या मधून ग्रीसनं काळा झालेला दोर रोलरांवरून सरसरत चालला होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती. वाटेत खाली येणारी ट्रॉली शेजारून गेली. तिच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं आमच्याकडे पाहून हात जोडले. मायनं दांडी सोडली आणि तिनंही जोडले.