बेचाळीस किलोमीटर आणि साडेपाच तासांची झोप

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी बरेच हौशी धावपटू गणपती गेले की सुरू करतात. सोळा-अठरा आठवड्यांचं वेळापत्रक, आठवड्याला चार-पाच दिवस धावणं, रविवारी लांबचा पल्ला, आणि हे सगळं उजाडायच्या सुमारास, कारण त्यानंतर लोकल, ऑफिस, मुलांच्या शाळा ठरलेल्याच. या वेळापत्रकात किलोमीटर, वेग, चढ यांना रकाने असतात, झोपेला नसतो. पहाटे चारचा गजर लावणारा माणूस रात्री नऊला झोपतो असं गृहीत धरलेलं असतं, आणि शहरात तसं क्वचितच घडतं. मग ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारच्या मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागतात, जिना चढताना पाय जड होतात, घरच्यांवर चिडचिड होते आणि या सगळ्याला कौतुकानं ‘मेहनत’ म्हटलं जातं. बेचाळीस किलोमीटर धावण्याच्या महत्त्वाकांक्षेत वावगं काही नाही. वावगा आहे तो तिचा खर्च झोपेतून आणि ताटातून भागवण्याचा रिवाज. दिवसभराची तरतरी गेली असेल तर तंदुरुस्ती वाढतेय हा दावाच तपासून घ्यायला हवा.

व्यायामानं शरीर बळकट होतं, हे अर्धंच खरं. प्रत्यक्ष व्यायामात स्नायूंचे तंतू दुखावतात, त्यांतला ग्लायकोजेनचा साठा उतरतो. बळकटी येते ती नंतरच्या तासांत, खाल्लं-झोपलं तर. या डागडुजीला लागणारी ऊर्जा मेंदू, प्रतिकारशक्ती आणि संप्रेरकं यांच्याच खात्यातून निघते. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च मोजला. २०१२ साली प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष चक्रावणारे होते. रोजची एवढी पायपीट करूनही, शरीराच्या आकारमानाच्या हिशेबात, हाडझांचा खर्च बैठं काम करणाऱ्या अमेरिकनांइतकाच भरला. हालचाल वाढली की शरीर दुसरीकडे काटकसर करतं, असा पाँट्झर यांचा अर्थ. ही मर्यादा कितपत पक्की, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे.

काटकसर टोकाला गेली की काय होतं, हे मात्र वादापलीकडे गेलेलं आहे. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, शिवाय आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालायला लावलं. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांशानं घटलं. सोबत नाडी मंदावली, सतत थंडी वाजू लागली, कामेच्छा विझली, कशात लक्ष लागेना आणि डोक्यात जेवणाखेरीज विषय उरला नाही. आजचा हौशी धावपटू इतका उपाशी नसतो, हे मान्य. पण ‘मॅरेथॉनही करायची आणि त्याच चार महिन्यांत दहा किलोही उतरवायचे’ असा दुहेरी संकल्प सोडणारा माणूस त्याच वाटेवर चार पावलं चाललेला असतो.

झोपेचा पुरावा तर डोळे उघडणारा आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या १० जणांना कमी उष्मांकांच्या सारख्याच आहारावर ठेवलं. चौदा दिवस त्यांना झोपायला साडेआठ तास मिळाले, चौदा दिवस साडेपाच. दोन्ही वेळा वजन जवळपास सारखंच उतरलं. मात्र कमी झोपेच्या काळात उतरलेली चरबी निम्म्याहूनही कमी भरली. उरलेली घट होती स्नायूंसकट चरबीविरहित भागाची, म्हणजे जे कमवायचं तेच गमावलं. भूक वाढली ती वेगळीच. प्रयोग लहान होता, हे खरं. तरी पहाटे चारला उठून ‘फॅट जाळायला’ बाहेर पडणाऱ्यानं आदल्या रात्री किती वाजता अंग टाकलं, हे विचारायला तो पुरेसा आहे.

ताटातली आणि घामातली ही तफावत आता क्रीडावैद्यकात एक निदान म्हणून ओळखली जाते. आधी ते फक्त स्त्री-खेळाडूंपुरतं होतं: पाळी अनियमित होणं, हाडं ठिसूळ होणं आणि पोटाला पुरेसं न मिळणं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून पुरुषांनाही त्यात घेतलं. टेस्टोस्टेरॉन घटतं, ताणामुळे हाडाला बारीक तडे जातात, सर्दी-खोकला पाठ सोडत नाही, मन उदास राहतं. यातलं काहीही घड्याळवजा यंत्रावर दिसत नाही. पाळी चुकली तर ‘व्यायामानं होतं असं’ म्हणून ती सोडून देण्याची जी पद्धत आहे, ती सर्वांत घातक.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि भारतातले जवळपास निम्मे प्रौढ तेवढाही करत नाहीत. अशा देशात अतिव्यायामाची काळजी म्हणजे चोचलेच नव्हेत का? मोठं ध्येय समोर असल्याशिवाय माणूस अंथरुणातून उठत नाही, असंही म्हणतात. उठत नाही, बरोबर. पण जो उठून चार महिन्यांत करपतो, तो शर्यतीनंतर बूट माळ्यावर टाकतो आणि पुन्हा त्या निम्म्यांत जाऊन बसतो. तेव्हा हे दोन प्रश्न एकमेकांशी जोडलेलेच आहेत. ध्येय मोठंच ठेवावं, मुदत मात्र वाढवावी. यंदा दहा किलोमीटर, पुढच्या साली अर्ध मॅरेथॉन, त्यापुढे पूर्ण, यात कमीपणा कसला?

दुसरा आक्षेप अधिक जोरकस: अव्वल खेळाडू तर मर मर मरतात, तरी दीर्घायुषी होतात. खरंच होतात. १९४७ ते २०१२ दरम्यान तूर द फ्रान्समध्ये उतरलेल्या फ्रेंच सायकलपटूंचा मृत्युदर त्यांच्या वयाच्या सामान्य फ्रेंच पुरुषांहून सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. पण मुळात असामान्य प्रकृतीची माणसंच तिथवर पोहोचतात आणि खाणं-झोपणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग असतो. शिवाय ती मरमर वाटते तितकी नसते. स्टीफन सायलर यांनी दमश्वासाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा सुमारे ८० टक्के सत्रं बोलता बोलता करता येतील इतकी हलकी निघाली. हौशी माणूस उलट रोज मधल्या जोरात, थोडा धापा टाकत धावतो, म्हणजे ना पुरतं हलकं, ना पुरतं कसदार. कोल्हापूरच्या तालमीत जोर-बैठकांइतकंच महत्त्व खुराकाला आणि विश्रांतीला असतं, हे आपल्याला ठाऊक असतं. वाग्भटानं तर ‘अष्टांगहृदया’त अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायाम करायला सांगितलं आहे, तोही बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यानं. (यावरून ‘सगळं आपल्याकडे होतंच’ अशी आरोळी ठोकायची गरज नाही. सल्ला पाळला जात नव्हता म्हणूनच तो लिहावा लागला असणार.)

मग वेळापत्रक उलटं आखायला हवं. आधी झोपेचे सात-आठ तास, मग कामाचे आणि प्रवासाचे, आणि उरेल त्यात धावणं. ऑफिसात वर्षअखेरीची घाई असेल, घरात आजारपण असेल, तर त्या आठवड्याचे किलोमीटर कापायचे, नंतर भरून काढायचे नाहीत. दोन आठवडे नीट खाऊन-झोपूनही मरगळ गेली नाही, सकाळची नाडी नेहमीपेक्षा चढीच राहिली, तर डॉक्टरांकडे जायचं. विशेषतः बायकांनी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा बाईला धाप लागली की गटातली मंडळी ‘स्टॅमिना कमी आहे, अजून पळ’ म्हणतात, आणि ती पळते. शर्यतीच्या नावनोंदणीत टी-शर्टाचं माप विचारतात. धावण्याचे वर्ग चालवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हिमोग्लोबिनचा ताजा आकडाही विचारायला सुरुवात केली, तर निम्म्या वेळापत्रकांचे पहिले दोन महिने वेगळे लिहावे लागतील.