विनोद कोणावर? ब्रिटिश आणि अमेरिकन दूरचित्रवाणीच्या निमित्ताने

विनोद हा निरुपद्रवी असतो, असा समज आपल्याकडील सुशिक्षितांत पक्का रुजलेला आहे. ‘विनोद विनोदासारखा घ्यावा’ हे वाक्य ज्याच्यावर विनोद झालेला असतो त्यालाच ऐकवले जाते. ज्याने तो केला त्याला कोणी ऐकवीत नाही. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. राखीव जागांवरचे विनोद मी विद्यार्थी असताना वर्गात ऐकले आणि नोकरी लागल्यावर प्राध्यापकांच्या खोलीतही ऐकले. जो हसत नाही त्याला विनोदबुद्धी नाही, असा शेरा मारून प्रकरण मिटवले जाते. म्हणून विनोद कोण करतो, कोणावर करतो आणि त्याला हसतो कोण, हे तीन प्रश्न माझ्यासाठी नुसते साहित्यशास्त्राचे राहिलेले नाहीत.

हे प्रश्न तपासून पाहण्यास ब्रिटन आणि अमेरिका यांच्या दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका फार उपयोगी पडतात. ब्रिटनमध्ये गाजलेली मालिका अमेरिकेने उचलायची आणि आपल्या समाजाला बेतून पुन्हा करायची, ही तिथली जुनी रीत आहे. भाषा तीच, कथेचा सांगाडा तोच, समाज मात्र निराळा. त्यामुळे एकच विनोद दोन समाजव्यवस्थांत कसा वागतो हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

१९६५ साली बीबीसीने ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या मालिकेचा नमुना दाखवला आणि १९६६ पासून ती रीतसर सुरू झाली. तिचा लेखक जॉनी स्पाइट हा पूर्व लंडनच्या कष्टकरी वस्तीत वाढलेला, चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला. त्याने उभा केलेला आल्फ गार्नेट त्याच भागातला: गोरा, गरीब, राणीचा भक्त, हुजूर पक्षाचा मतदार आणि काळ्यांविषयीचा, ज्यूंविषयीचा, आशियाई स्थलांतरितांविषयीचा द्वेष तोंडाने बरळत राहणारा. समाजवादी जावयाशी त्याचे रोज भांडण. स्पाइटचा हेतू उघड होता. हा द्वेष किती अडाणी आहे हे लोकांनी पाहावे आणि आल्फला हसावे.

झाले निराळेच. आल्फची भूमिका करणारा वॉरन मिचेल स्वतः ज्यू होता. लोक रस्त्यात गाठून त्याला शाबासकी देत की काळ्यांना तुम्ही बरे झोडपता. आणि त्याला सांगावे लागे की आम्ही झोडपतो ते तुमच्यासारख्यांना. एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेल याने स्थलांतरितांविरुद्ध कुप्रसिद्ध भाषण केले तेव्हा लंडनच्या गोदी कामगारांनीच त्याच्या समर्थनासाठी संसदेवर मोर्चा नेला. आल्फचे घर याच गोदी भागात दाखवलेले होते. घरोघर त्याला हसणे चालू होते, आणि द्वेषही चालूच होता.

अमेरिकेत नॉर्मन लिअर याने हीच मालिका ‘ऑल इन द फॅमिली’ या नावाने केली. एबीसी या वाहिनीने दोनदा नमुने करून घेऊन ती नाकारली. शेवटी १२ जानेवारी १९७१ रोजी सीबीएसने ती दाखवली, तीही आधी खुलासा देऊन, की आमचा रोख पूर्वग्रहांची हास्यास्पदता दाखवण्याकडे आहे. आल्फचा झाला आर्ची बंकर, लंडनच्या जागी न्यूयॉर्कचे क्वीन्स आले आणि राणीच्या जागी निक्सन. सलग पाच वर्षे ही मालिका लोकप्रियतेत पहिली राहिली. १९७४ साली नील व्हिडमार आणि मिल्टन रोकीच या अभ्यासकांनी अमेरिका आणि कॅनडातील प्रेक्षकांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या मनात पूर्वग्रह कमी होते त्यांना आर्चीची टर उडवलेली दिसली. ज्यांच्या मनात पूर्वग्रह खोलवर होते त्यांना मात्र आर्चीच खरे बोलणारा वाटला आणि तेही तितक्याच मजेने हसले. दोघांनी तीच मालिका पाहिली आणि आपापल्या घरी आपापले मत घट्ट करून घेतले.

यावरून उपहास निरर्थक आहे असा निष्कर्ष मी काढत नाही. मला यात निराळी गोष्ट दिसते. आल्फच्या घरात त्याला उत्तर देणारे सगळे गोरेच होते. ज्यांच्यावर तो बरळत होता ते त्या घरात राहत नव्हते. त्यांच्या वतीने जावई बोलत होता. कैवारी कितीही प्रामाणिक असला तरी भांडण शेवटी गोऱ्यांचे आपसातलेच राहते. अमेरिकेत पहिल्याच भागात एक फरक झाला. लायनेल जेफरसन हा काळा तरुण आर्चीच्या घरात येतो. पुढे काय होणार, असे आर्ची त्याला मोठेपणाने वारंवार विचारतो. लायनेल मुद्दाम अडाण्यासारखा हेल काढून ‘इलेक्ट्रिकल इंजिनिअर’ असे सांगतो, कारण आर्चीला काळा माणूस तसाच बोलताना ऐकायचा आहे हे त्याला ठाऊक आहे. आर्ची खूश होतो. फसला कोण हे प्रेक्षकाला कळते, आर्चीला कळत नाही. आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वाड्याच्या ओट्याखाली उभे राहून ‘जी मालक’ म्हणताना जे मनात ठेवले, ते इथे बोलके झाले आहे.

दुसरे उदाहरण भंगारवाल्यांचे. रे गॅल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन यांची ‘स्टेप्टो अँड सन’ १९६२ साली बीबीसीवर आली. म्हातारा बाप आणि चाळिशीकडे झुकलेला मुलगा घोडागाडीवरून भंगार गोळा करतात. मुलाला पुस्तके, संगीत, उच्चभ्रूंची राहणी हवी आहे. त्याला या धंद्यातून आणि बापाच्या तावडीतून सुटायचे आहे. तो सुटत नाही. इंग्लंडमधील वर्गव्यवस्थेचे इतके नेमके चित्र क्वचितच आढळते: दार उघडे आहे असे सगळे सांगतात, आणि माणूस उंबरठ्याशीच राहतो. १९७२ साली अमेरिकेच्या एनबीसीवर हीच मालिका ‘सॅनफर्ड अँड सन’ झाली. आता बापलेक काळे होते आणि भंगाराचे दुकान होते लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात. याच वॉट्समध्ये १९६५ साली उठाव होऊन चौतीस माणसे मेली होती. ब्रिटनमध्ये जो प्रश्न वर्गाचा होता तो अमेरिकेत आपोआप वर्णाचा झाला, कारण दुसऱ्यांनी टाकलेल्या वस्तूंवर कोणी जगायचे याचे त्या समाजाचे उत्तर ठरलेले होते. १९७२ हेच वर्ष मुंबईत दलित पँथरच्या स्थापनेचे, आणि पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, हे वाचकांना सांगायला नकोच.

या मालिकेतील बाप रेड फॉक्स. त्याने वर्षानुवर्षे काळ्या प्रेक्षकांच्या रंगमंचांवर विनोद केलेला होता. पात्राचे फ्रेड सॅनफर्ड हे नाव त्याने स्वतःच्या भावाचे ठेवले. सुरुवातीच्या बऱ्याच कथा ब्रिटिश मालिकेवरूनच घेतल्या होत्या. पण रिचर्ड प्रायर आणि पॉल मूनी यांच्यासारखे काळे विनोदकारही काही भागांचे लेखक होते. तिसऱ्या प्रश्नाइतकाच पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे तो इथे: लिहिते कोण?

लायनेलचे काम करणारा माइक एव्हान्स आणि शिकागोच्या झोपडपट्टीवजा सरकारी वसाहतीत वाढलेला एरिक मोंटे या दोघा काळ्या तरुणांनी ‘गुड टाइम्स’ ही मालिका रचली. ती १९७४ साली सुरू झाली. गरीब वसाहतीतले काळे कुटुंब, आई, बाप आणि तीन मुले. आईची भूमिका करणाऱ्या एस्थर रोल हिने घरात बाप असलाच पाहिजे असा आग्रह धरला होता, कारण काळ्यांच्या घरात बाप नसतोच हे गोऱ्यांचे लाडके मत होते. पण मोठ्या मुलाचे आचरट हातवारे लोकांना आवडू लागले तसतशी मालिका त्याच्यामागे गेली. आई आणि बाप ही दोन्ही कामे करणाऱ्या कलावंतांनी त्याला विरोध केला. बापाचे काम करणाऱ्या जॉन एमोसला १९७६ साली काढून टाकण्यात आले आणि बाप कथेतही मेला. निर्मिती आपल्या हाती नसेल तर आपल्या माणसाने लिहिलेले पात्रही विदूषक होऊन बसते, हा त्यातला धडा आहे.

१९७५ ची ‘द जेफरसन्स’ ही लायनेलच्या आईबापांची मालिका. कपडे धुण्याच्या दुकानांवर पैसा मिळवून ते उंच इमारतीत राहायला जातात. पहिल्याच भागात कामाला आलेली फ्लॉरेन्स ही काळी बाई पाहते की इमारतीत आपल्यातलेच लोक घरमालक आहेत, आणि विचारते की आपला लढा जिंकून झाला, तर मला कोणी सांगितले कसे नाही? चळवळीतून वर आलेल्यांनी आणि स्वयंपाकघरात राहिलेल्यांनी हा प्रश्न एकमेकांना विचारावा असाच आहे. मी स्वतः पगारदार झालो असल्यामुळे तो मला अधिक बोचतो.

दोन्ही देशांच्या विनोदात हा जो फरक पडतो त्याला व्यवस्थेचीही कारणे आहेत. ब्रिटनमध्ये बहुधा एक किंवा दोन लेखक वर्षाला सहा-सात भाग लिहितात. ‘फॉल्टी टॉवर्स’चे सगळे मिळून बाराच भाग. अमेरिकेत वर्षाला वीस-बावीस भाग, एका खोलीत बसून लिहिणारे अनेक लेखक आणि डोक्यावर जाहिरातदार. ‘द ऑफिस’चे ब्रिटनमध्ये २००१ ते २००३ या काळात बारा भाग आणि एक नाताळ विशेष झाला, अमेरिकेत २००५ ते २०१३ पर्यंत दोनशे एक. इतकी वर्षे घराघरांत जायचे तर नायक लोकांना आवडावा लागतो. म्हणून ब्रिटिश साहेब केविलवाणा राहतो आणि अमेरिकन साहेब हळूहळू प्रेमळ होतो. आर्चीही वर्षे गेली तसा मवाळ झाला, आणि त्याची खुर्ची १९७८ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली.

आता राजकीय उपहास. बीबीसीच्या ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ने १९६२-६३ मध्ये मंत्र्यांची भीड ठेवली नाही, १९६४ हे निवडणुकीचे वर्ष म्हणून ती आधीच बंद करण्यात आली. अमेरिकेत सीबीएसने १९६९ साली स्मदर्स बंधूंचा कार्यक्रम बंद केला. पण बंदीपेक्षा लाडाने उपहास अधिक लवकर मरतो. ‘येस मिनिस्टर’ (१९८० ते १९८४) मध्ये सचिव मंत्र्याला गोड बोलून गुंडाळतो. ती पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची आवडती मालिका होती. १९८४ साली त्यांनी त्या नटांबरोबर एका समारंभात प्रवेशही करून दाखवला. अमेरिकेत निक्सन १९६८ च्या निवडणुकीआधी ‘लाफ-इन’ या विनोदी कार्यक्रमात झळकून गेले. ज्याच्यावर विनोद तोच व्यासपीठावर येऊन हसू लागला की विनोदाचे दात पडतात.

‘येस मिनिस्टर’चे हिंदी रूप ‘जी मंत्रीजी’ २००१ साली स्टार प्लसवर फारूक शेख यांनी रंगवले. नोकरशाही म्हणजे निव्वळ खोडा, हे तिचे सूत्र थॅचर यांना सोयीचे होते, कारण त्यांना सरकारचा पसाराच कमी करायचा होता. आपल्या समाजाला पहिली पगाराची पायरी मिळाली ती सरकारी नोकरीत. तेव्हा तिच्यावरचा विनोद कोणाच्या सोयीचा, हे आपण विचारले पाहिजे. आर्मांडो इयानुची याच्या ‘द थिक ऑफ इट’ (२००५) आणि अमेरिकेतील ‘वीप’ (२०१२) या मालिका याहून बोचऱ्या आहेत. तिथे सत्ताधारी भित्रे, शिवराळ आणि रिकामे आहेत. पण याही मालिका मुख्यतः सत्तेच्या दालनात फिरतात. त्या निर्णयांखाली चिरडला जाणारा माणूस पडद्यावर क्वचितच येतो.

ब्रिटनमध्ये ही उणीव काही अंशी भरून निघाली ती लेखणी दुसऱ्या हातात गेल्यावर. ट्रिक्स वॉरेल याच्या ‘डेझमंड्स’मध्ये (१९८९) लंडनचे एक कॅरिबियन केशकर्तनालय दिसले. १९९८ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘गुडनेस ग्रेशस मी’मध्ये मीरा स्याल, संजीव भास्कर यांच्या मंडळींनी एक प्रवेश केला: मुंबईतले टोळके रात्री ‘इंग्रजी जेवण’ जेवायला जाते, वेटरच्या नावाची थट्टा करते आणि सर्वांत मिळमिळीत पदार्थ कोणता ते विचारते. दर शनिवारी भारतीय हॉटेलात इंग्रज जे करीत आले तेच उलटे करून दाखवले. आल्फला जावयाच्या तोंडून जे सांगता आले नाही, ते इथे तीन-चार मिनिटांत सांगून झाले.

विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. या मालिका आज पाहायला मिळतात. त्या पाहाव्यात आणि हसावेही. हसणे ही काही प्रस्थापितांची मिरास नाही. आपल्या जलशांनी भटजी आणि सावकार यांची जी फजिती उडवली ती ऐकून गावेच्या गावे हसली आणि विचारही करू लागली. पण हसताना तीन प्रश्न सोडू नयेत: लिहिले कोणी, लक्ष्य कोण, आणि ज्याच्यावर विनोद आहे त्याला उत्तर द्यायला जागा ठेवली आहे की नाही? ही जागा नसेल तर ‘विनोद विनोदासारखा घ्या’ हा उपदेश आपण मानू नये. लायनेलचे काम करणारा तरुण पुढे लेखक झाला. आपल्या वर्गांत मागच्या बाकावर बसून नकला करणारी जी मुले आहेत, त्यांना गप्प बसवण्याऐवजी आपण शिक्षकांनी वही द्यावी.