कातकरीत विश्वकोश लिहायचा, तर आधी संदर्भ हवा

पावसाच्या तोंडावर पेण-रोह्याच्या बाजारात कातकरी बाया शेवळं या रानभाजीच्या जुड्या विकायला आणतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून घशाला खाज सुटते. तिला उतारा काकडाच्या आंबट फळांचा. ती किती घालायची, हेही विकणारीच सांगते. हे ज्ञान तिच्याच बोलीत विकिपीडियावर आणायचं, तर काय लागेल?

तांत्रिक वाट मोकळी आहे. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत कातकरीला ‘केएफयू’ हा स्वतंत्र संकेत आहे आणि शाळा शिकलेल्या कातकरी मुलांना देवनागरी येते. नव्या भाषेचा विकिपीडिया आधी ‘इन्क्युबेटर’ या चाचणी-संकेतस्थळावर वाढतो. काही संपादक महिनोन्‌महिने लिहीत राहिले आणि बटणं-सूचनांचा मजकूर त्या भाषेत आला, की त्याला स्वतःचं घर मिळतं. तुळूला ते २०१६ मध्ये मिळालं, संथाळीला २०१८ मध्ये.

घोडं अडतं ते संदर्भापाशी. विकिपीडियावर विधानाला प्रकाशित आधार लागतो. कोकणीकडे तो होता. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोकणी विश्वकोश २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला आणि २०१५ मध्ये गोव्याच्या कोकणीचा विकिपीडिया स्वतंत्र झाला. कातकरीचं ज्ञान मात्र तोंडी आहे. २०११ मध्ये संशोधक अचल प्रभला यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत जाणकारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्याच संदर्भ म्हणून वापरून पाहिल्या. पण ही रीत विकिपीडियावर सर्रास रुळली नाही.

म्हणून क्रम उलटा धरावा: आधी पुस्तिका, मग विश्वकोश. रानभाज्या, खेकडे, मासेमारी, खैरापासून कात काढणं यांवर जाणत्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं. कातकरी तरुणांनी ते उतरवून घ्यावं, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी शास्त्रीय नावं पडताळावीत आणि एखाद्या महाविद्यालयाने ते सांगणाऱ्यांच्या नावानिशी छापावं.

एक गोष्ट मात्र ध्वनिमुद्रणाआधीच समजावून सांगायला हवी. विकिपीडियाच्या मुक्त परवान्यात व्यापारी वापरालाही मुभा असते. शेवळाची भाजी जगाला सांगायला हरकत नसेल. एखाद्या औषधी मुळीबाबत वाडीचं मत वेगळं असू शकतं. काय खुलं करायचं आणि काय आपल्यापाशी ठेवायचं, हे कातकऱ्यांनीच ठरवायचं. या विश्वकोशाचं पहिलं संपादकीय काम तेच.