शाई आणि कागद पडद्यावरचे

पाटी काळी असते, म्हणून तिच्यावर पांढऱ्या पेन्सिलीने लिहावयाचे. वही पांढरी असते, म्हणून तिच्यावर निळी किंवा काळी शाई वापरावयाची. ही निवड लिहिणाऱ्या मुलाने केलेली नसते. पाटी घडविणाऱ्याने आणि कागद बनविणाऱ्याने ती आधीच केलेली असते. संगणकाच्या पडद्यावर मात्र शाईही मनाजोगी घेता येते आणि कागदही.

पूर्वी ही मुभा नव्हती. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक विक्रीस आणला, तेव्हा त्याच्या साध्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरे उमटत. काचेच्या आतल्या बाजूस जो लेप दिलेला असे, तोच मुळी हिरवा चमकणारा! लाल अक्षर हवे असले, तरी ते आणणार कोठून? पुढे रंगीत पडदे आले आणि निवडीचा अधिकार लिहिणाऱ्याच्या हाती आला.

संगणकावर मजकूर लिहिण्याच्या व सुधारण्याच्या साधनास मजकूर-संपादक म्हणतात. ईमॅक्स हा असाच एक नावाजलेला संपादक. त्याचा जन्म १९७६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाला, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी नव्याने रचलेली त्याची जीएनयू आवृत्ती १९८५ साली सर्वांसाठी खुली झाली. चित्रावर टिचकी न मारता, आज्ञेच्या ओळीत नाव टाइप करूनही तो सुरू करता येतो. नावापुढे काही सूचना जोडल्या, तर तो त्या पाळतच उघडतो. या सूचनांना पर्याय म्हणतात. प्रत्येक पर्यायाच्या आरंभी एक लहान आडवी रेघ असते. रेघ आणि ‘एफजी’ लिहून पुढे रंगाचे नाव दिले की अक्षरांना तो रंग येतो, ‘बीजी’ने पार्श्वभूमीचा रंग ठरतो, ‘सीआर’ने कर्सरचा, म्हणजे लिहिण्याची जागा दाखविणाऱ्या खुणेचा. नुसते ‘आर’ लिहिले, तर शाईचा रंग कागदास आणि कागदाचा शाईस मिळतो. वहीची पाटी होते, म्हणा ना!

रंगांची नावे इंग्रजीत द्यावी लागतात, आणि येथे जपून राहावे लागते. ‘ऑरेंज रेड’ हा नारिंगी झाक असलेला लाल रंग. एखाद्याने ‘एफजी’पुढे हे दोन शब्द तसेच सुटे लिहिले, तर अक्षरे नारिंगी होतात आणि ईमॅक्स ‘रेड’ नावाची फाइल उघडून बसतो! गोष्टीतल्या सांगकाम्याप्रमाणे यंत्र सांगितले तेवढेच करते. मोकळी जागा दिसली की एक शब्द संपला, एवढेच त्यास कळते. म्हणून असे नाव अवतरणचिन्हांत घालावे, किंवा दोन्ही शब्द जोडून लिहावेत.

नावांनी भागले नाही, तर रंग अंकांनीही सांगता येतो. पडद्यावरचा प्रत्येक रंग तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने होतो. प्रत्येकाच्या तीव्रतेच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या मानल्या, तर २५६ गुणिले २५६ गुणिले २५६, म्हणजे १,६७,७७,२१६ रंग होतात. इतक्यांना नावे कोण ठेवणार?

परंतु रंग पुष्कळ असले, तरी कोणतीही जोडी चालते असे नाही. अक्षरे आणि पार्श्वभूमी दोन्ही काळी मागितली, तर ईमॅक्स निमूटपणे तसेच करतो. टाइप केलेला मजकूर संगणकात जमा होत राहतो, पण डोळ्यांस काही दिसत नाही. म्हणून दोन रंगांच्या उजळपणात पुरेसे अंतर हवे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००८ साली संकेतस्थळांसाठी नियम घालून दिले. त्यांत हे अंतर गुणोत्तराने मोजले असून, साध्या आकाराच्या अक्षरांना ते किमान ४.५ असावे असे म्हटले आहे. काळ्या-पांढऱ्या जोडीचे गुणोत्तर २१ येते. काळ्यावरील शुद्ध निळ्याचे अवघे २.४४, आणि पांढऱ्यावरील पिवळ्याचे १.०७. पांढऱ्या कागदावर पिवळ्या खडूने लिहून पाहावे, म्हणजे हे अंक काय सांगतात ते उमजेल.

ईमॅक्स याबाबतीत थोडी मदतही करतो. संगणकाच्या आज्ञा लिहिणारा मनुष्य मध्येमध्ये स्वतःसाठी टिपा लिहून ठेवतो. उजळ पार्श्वभूमीवर ईमॅक्स त्या टिपा विटेसारख्या गडद तांबड्या रंगात दाखवितो, आणि पार्श्वभूमी काळी केली की उजळ नारिंगी रंगात. शाईचा आणि कागदाचा मुख्य रंग मात्र ज्याचा त्यानेच निवडावयाचा. तो चुकला, तरी घाबरण्याचे कारण नाही. आज्ञेच्या ओळीतील पर्याय तेवढ्या एका वेळेपुरतेच असतात. मजकूर जतन करून ईमॅक्स बंद करावा आणि पर्याय न देता पुन्हा उघडावा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे जागच्या जागी दिसू लागतात.