बॅकलिंक विकत घेऊ नका, ओळखीतून मिळवा



"वेबसाइट करून सहा महिने झाले, पण गूगलवर दिसतच नाही," ही तक्रार मला दर आठवड्याला येते. आणि तिच्या मागोमाग एक प्रश्न येतो: "मॅडम, एक जण पाच हजारांत हजार बॅकलिंक करून देतो म्हणतोय. घेऊ का?"

उत्तर आधीच सांगते. घेऊ नका. पण का नाही आणि त्याऐवजी काय करायचं, हे समजून घ्या. नव्या धंद्यात पाच हजार म्हणजे काही वेळा महिन्याचं दुकानभाडं असतं.

बॅकलिंक म्हणजे काय?

दुसऱ्याच्या वेबसाइटवर तुमच्या वेबसाइटची लिंक असणं म्हणजे बॅकलिंक. नवीन गावात राहायला गेल्यावर आपण सराफ कसा निवडतो? चार भरवशाची माणसं एकच नाव सांगतात, मग आपण त्या पेढीवर जातो. गूगलची सुरुवात याच विचारातून झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 'पेजरँक' ही पद्धत तयार केली आणि १९९८ मध्ये कंपनी काढली. ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात ते महत्त्वाचं, आणि बोट दाखवणारा जितका वजनदार तितकी शिफारस मोठी, हे त्याचं सूत्र. आज गूगल इतरही पुष्कळ गोष्टी बघतं, पण लिंकचं वजन अजून संपलेलं नाही.

आता विचार करा. रस्त्यावरच्या हजार अनोळखी लोकांना पैसे देऊन तुमचं नाव घ्यायला लावलं, तर गावाचा विश्वास बसेल का?

पॅकेजमध्ये नेमकं काय मिळतं?

कोणी वाचत नाही अशा वेबसाइट, एकाच साच्यातला मजकूर आणि त्यात तुमची लिंक. रँकिंग वाढवण्यासाठी लिंकची खरेदी-विक्री करणं हे गूगलच्या नियमांत सरळ स्पॅम धरलं जातं. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणला, तो अशाच खोट्या लिंकांसाठी होता. आज बहुतेक वेळा गूगल अशा लिंक मोजतच नाही, म्हणजे पैसे पाण्यात. प्रकरण वाढलं तर वेबसाइटवर कारवाई होऊन ती शोधात खाली जाते. पॅकेज विकणाऱ्याने तोवर फोन नंबर बदललेला असतो!

मग डिरेक्टरीत नोंद करायची की नाही?

करायची, पण निवडून. एकेकाळी डिरेक्टरी म्हणजे इंटरनेटची अनुक्रमणिका होती. याहूची डिरेक्टरी १९९४ मध्ये सुरू झाली आणि २०१४ च्या शेवटी बंद पडली. स्वयंसेवक चालवायचे ती डीमॉझ २०१७ मध्ये बंद झाली. त्यामुळे "५०० डिरेक्टरीत सबमिशन" असं कोणी सांगितलं तर समजा, तो जुन्या पंचांगावरून मुहूर्त काढतोय.

निवडायची सोपी पद्धत सांगते. गिऱ्हाईक जे शब्द टाकेल तेच गूगलवर टाका. उदाहरणार्थ, 'सांगली बेदाणे होलसेल'. पहिल्या पानावर ज्या डिरेक्टरी दिसतील त्यांत नोंद करा. जस्टडायल, इंडियामार्ट, ट्रेडइंडिया, सुलेखा यांपैकी तुमच्या धंद्याला कोणती लागू पडते, ते तिथेच कळेल. बाकीच्या सोडून द्या.

सगळ्यात आधी मात्र गूगल बिझनेस प्रोफाइल. ते मोफत आहे. "गूगलमधून बोलतोय, प्रोफाइल चालू ठेवायला पैसे भरा," असा फोन आला तर खुशाल ठेवून द्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बऱ्याच डिरेक्टरी लिंकवर 'नोफॉलो' खूण लावतात. म्हणजे 'ही लिंक आमची शिफारस समजू नका' असं त्या गूगलला सांगतात. मग नोंद कशाला? कारण गिऱ्हाईक तिथूनही येतं, आणि तुमचं नाव-पत्ता खरा असल्याचा आणखी एक पुरावा तयार होतो.

नाव, पत्ता, फोन: तिन्ही एकसारखे

इथे आपली माणसं हमखास घसरतात. दुकानाचं नाव 'लक्ष्मी ट्रेडर्स'. इंग्रजीत एका ठिकाणी लक्ष्मीचं स्पेलिंग 'एक्स' घालून, दुसरीकडे 'के-एस-एच' घालून. पत्ता कुठे 'एसटी स्टँडसमोर', कुठे 'मेन रोड'. फोन एकीकडे तुमचा, एकीकडे भावाचा. गूगलला ही तीन वेगळी दुकानं वाटू शकतात. म्हणून दुकानाच्या पाटीवर आहे तसं नाव, पूर्ण पत्ता आणि एकच नंबर वहीत लिहा आणि सगळीकडे तेच उतरवा. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या. नोंद केली की जाहिरातवाल्यांचे फोन सुरू होतात, घरचा नंबर त्यात अडकवू नका.

खऱ्या लिंक कुठून मिळतात?

समजा, तुमचं सांगलीत बेदाण्याचं दुकान आहे. तुम्ही ज्या बेकरीला माल देता तिच्या वेबसाइटवर 'आमचे पुरवठादार' असं पान असेल, तिथे नाव मागा. व्यापारी संघटनेची सदस्य यादी बघा. तुम्ही शिकलात त्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी पानासाठी विचारा. स्वतःच्या वेबसाइटवर बेदाण्याची प्रत कशी ओळखायची, पावसाळ्यात तो कसा ठेवायचा, यावर एक चांगलं पान लिहा. एखादी रेसिपी लिहिणारी ताई त्याची लिंक आपणहून देईल. अशा पाच लिंक त्या हजारांपेक्षा मोलाच्या.

आणि हे सगळं स्वतःच्या डोमेनवर करा. बिझनेस प्रोफाइलमधून बनवलेल्या मोफत वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांच्या कार्डावर, पिशव्यांवर तोच पत्ता छापलेला होता, त्यांना सगळं नव्याने करावं लागलं. भाड्याच्या जागेत फर्निचर करताना आपण दहादा विचार करतो, तसंच हे.

पेड लिस्टिंग घ्यायची का?

हिशोब करा. वर्षाला १२,००० रुपये मागितले आणि एका ऑर्डरमागे तुम्हाला १५० रुपये सुटतात, तर ८० ऑर्डर मिळाल्यावर फक्त पैसे वसूल होतात. नफा त्यानंतर. आधी मोफत नोंदीवर तीन महिने काढा. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला "आमचा पत्ता कुठून मिळाला?" विचारा आणि वहीत टिपा. ती वही सांगेल, पैसे भरायचे की नाही.

या आठवड्यात तीनच कामं करा. नाव-पत्ता-फोन पक्का करा, पहिल्या पानावरच्या डिरेक्टरीत नोंद करा आणि ओळखीच्या तीन व्यावसायिकांकडे लिंक मागा. मग गूगल सर्च कन्सोल हे मोफत साधन जोडून 'लिंक्स' या भागात महिन्यातून एकदा डोकवा. फरक दिसायला काही महिने लागतील. दुकानाची गुडविल एका दिवसात होत नाही, ही पण तशीच कमवावी लागते.

तुमच्या धंद्याचं नाव आणि गाव कमेंटमध्ये लिहा. कुठून लिंक मागता येईल, ते पुढच्या व्हिडिओत बघू. भेटूया!